मशीन्स लॅबच्या आधीची लॅब : ‘व्हर्च्युअल लॅब्स’बद्दल एका शिक्षिकेचा अभिप्राय

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते आणि त्याची प्रॅक्टिकल्सही घेते. कोरोनात सगळ्यांनीच व्हर्च्युअल लॅब्स ही साइट नाइलाज म्हणून वापरली. कॉलेजं उघडली, खऱ्या लॅबची कुलुपं निघाली आणि बहुतेकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. माझ्या मते तिचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू होतो. मी तेव्हापासून ती लॅबच्या आधी आणि लॅबच्या नंतर, अशी दोन्ही बाजूंनी वापरत आले आहे. त्या जोरावर पाचपैकी चार गुण देते. एक गुण कुठे गेला ते पुढे येईल.

ज्यांनी ती कधी उघडलीच नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हा केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा उपक्रम. पत्ता व्हीलॅब डॉट सीओ डॉट इन. त्याचं काम २००९-१० च्या सुमाराला सुरू झालं, म्हणजे कोरोना यायच्या दहा वर्षं आधी. समन्वय आयआयटी दिल्लीकडे. मुंबई, कानपूर, खरगपूर, रुरकी, गुवाहाटी इथल्या आयआयटी, हैदराबादची ट्रिपल आयटी, सुरतकलची एनआयटी, अमृता, दयालबाग अशा संस्थांनी आपापल्या लॅब बनवल्या. आपल्या पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेजही त्यात आहे. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर, केमिकल सगळ्या शाखा आहेत. पैसे लागत नाहीत. बहुतेक प्रयोग उघडायला लॉगिनही लागत नाही, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

प्रत्येक प्रयोगाची मांडणी साधारण सारखी असते. आधी उद्देश आणि थिअरी, मग छोटी प्रीटेस्ट, कृती, मग सिम्युलेशन, शेवटी पोस्टटेस्ट. सिम्युलेशनमध्ये तारा ओढून सर्किट जोडायचं, जोडणी तपासून घ्यायची, सप्लाय द्यायचा, रीडिंग घेऊन तक्त्यात भरायचं, ग्राफ काढायचा. काही प्रयोगांत तर दूरच्या संस्थेत ठेवलेलं खरं उपकरण इंटरनेटवरून चालवता येतं.

या मंडळींच्या मेहनतीबद्दल एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. जुने बरेच प्रयोग फ्लॅशमध्ये आणि जावा ॲपलेटमध्ये बनवलेले होते. ॲडोबीने फ्लॅश बंद केलं ३१ डिसेंबर २०२० ला. म्हणजे देशभरातली मुलं घरात बसून याच प्रयोगांवर अवलंबून होती, नेमक्या त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्याखालची जमीन सरकली. प्रयोगामागून प्रयोग नव्या पद्धतीनं पुन्हा लिहावा लागला. ज्यांनी ते केलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आज मुलं एक क्लिक करतात आणि मोटर फिरते, त्यामागे ते काम आहे.

आता मुलांबद्दल, कारण त्यांना बाजूला ठेवून या साइटचं मोल सांगता येणार नाही.

आमच्या जिल्ह्यात कोरोना फार लवकर आला. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचं नाव राज्यभर गाजत होतं. त्याआधी २०१९ चा महापूर, त्यानंतर २०२१ चा पूर. कृष्णाकाठच्या मुलांची शाळा-कॉलेजं तीन वर्षांत तीनदा विस्कटली. २०२१ मध्ये दहावी आणि बारावी दोन्ही बोर्डाच्या परीक्षा रद्द झाल्या. बारावीचा निकाल दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के असा लावला गेला. ती मुलं त्याच वर्षी आमच्याकडे आली. त्याच साली परीक्षा न देता दहावी पास झालेली मुलं २०२३ मध्ये आली, आणि त्यांतली जी डिप्लोमाला गेली ती २०२४ मध्ये थेट सेकंड इयरला. म्हणून “आता कोरोनाला किती वर्षं झाली” असं कुणी म्हणालं की मला हे गणित मांडून दाखवावं लागतं. दहावीतली शाळेची प्रयोगशाळा ज्यांनी पाहिलीच नाही, ती मुलं आत्ता आत्तापर्यंत आमच्या वर्गात बसत होती.

या मुलांना मार्क होते. व्याख्या पाठ होत्या. ओहमचा नियम विचारला तर धडाधडा सांगायची. पण मल्टिमीटर हातात दिला की करंटच्या रेंजवर ठेवून सप्लायच्या दोन टोकांना लावायला निघायची. अँपिअरमीटर सिरीजमध्ये का घालायचा हे त्यांनी दहा वेळा लिहिलेलं असायचं, हातानं एकदाही घातलेला नसायचा. हे भरून काढता येतं. दोन महिने कसून घेतलं तर हात बसतो.

त्याहून अवघड गोष्ट होती भीती. पाच जणांची बॅच टेबलाशी उभी राहते. एक जण पुढे होतो, चौघे अर्धं पाऊल मागे. पुढे झालेलाही प्रत्येक तार लावल्यावर मान वर करून विचारतो, “मॅडम, बरोबर आहे ना?” ज्या वयात चारचौघांत चुकायची आणि चारचौघांत हसून पुढे जायची सवय लागते, त्या वयात ही मुलं कॅमेरा बंद करून बसली होती. परीक्षा पर्याय निवडायच्या होत्या. चूक झाली तर ती कुणाला दिसत नव्हती. आता एकदम सगळ्यांसमोर २२० व्होल्टच्या टेबलाशी उभं केल्यावर ती गप्प होणारच. मागे उभ्या राहणाऱ्यांत मुली जास्त, आणि जतकडची, आटपाडीकडची, मराठी माध्यमातून आलेली मुलं जास्त. त्यांना येत नव्हतं असं नाही. चुकलो तर काय, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आधी व्हायचा.

व्हर्च्युअल लॅब्सनं मला यावर उपाय दिला. तिथे चुकताना कुणी बघत नाही. नाव नाही, हजेरी नाही, मार्क नाहीत. सर्किट चुकीचं जोडलं तर जोडणी चूक आहे एवढंच सांगते, पुन्हा जोड म्हणते. रात्री अकरा वाजता हॉस्टेलवर तोच प्रयोग कितीही वेळा करा.

एक प्रयोग जवळून सांगते. डीसी शंट मोटरचा वेग फील्डच्या, म्हणजे तिच्यात चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीच्या, सर्किटमधल्या रेझिस्टन्सनं बदलायचा. कुठल्याही कॉलेजात सेकंड इयरला असतोच. कवठेमहांकाळकडचा एक मुलगा, डिप्लोमा करून आलेला, लॅबमध्ये तोंडातून शब्द न काढणारा. मी आदल्या आठवड्यात बॅचला सांगितलं होतं की हा प्रयोग व्हर्च्युअल लॅब्सवर करून या, काहीही लिहून आणायचं नाही, फक्त एक प्रश्न आणा. प्रॅक्टिकलच्या दिवशी तो दारातच थांबून म्हणाला, “मॅडम, रेझिस्टन्स वाढवल्यावर स्पीड कमी व्हायला पाहिजे. तो वाढतोय. मी परत परत केलं. साइट चुकतीय का मी चुकतोय?”

या प्रश्नासाठी मी जीव टाकते. पुस्तकात वाक्य सरळ लिहिलेलं आहे की फ्लक्स, म्हणजे फील्डच्या चुंबकाचा जोर, कमी झाला की वेग वाढतो. ते वाक्य पाठ करणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही. रिओस्टॅट, म्हणजे सरकवून बदलायचा रेझिस्टन्स, स्वतः हलवून आकडा उलटा जाताना पाहिला त्यालाच पडतो. खऱ्या लॅबमध्ये पाच जणांत रिओस्टॅट एकाच्या हातात असतो, दुसरा वेग मोजायचा टॅकोमीटर धरतो, तिसरा लिहितो, उरलेले दोघे तिसऱ्याच्या वहीतून उतरवतात. पाचही जणांना तो धक्का मिळण्याइतका वेळ दोन तासांच्या टर्नमध्ये नसतो. पडद्यावर मिळतो.

मग आम्ही फळ्यावर गेलो. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, फिरायला लागलं की त्यात उलटा व्होल्टेज तयार होतो, बॅक ईएमएफ. तो फ्लक्स आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतो. सप्लाय तेवढाच, फील्डचा रेझिस्टन्स वाढवून फ्लक्स कमी केला, तर तेवढा बॅक ईएमएफ उभा करायला मोटरला जास्त जोरात फिरावं लागतं. लगेच त्याचा पुढचा प्रश्न, “मग फील्डची वायर निघालीच तर?” लोड नसेल तर मोटर सुसाट सुटते, धोक्याच्या वेगाला जाते, म्हणून फील्डच्या सर्किटमध्ये फ्यूज घालत नाहीत, हे सांगितलं आणि त्याला मोटर सुरू होताना करंट आवरणाऱ्या थ्री पॉइंट स्टार्टरजवळ नेलं. त्यातली नो-व्होल्ट कॉइल शंट फील्डच्याच सिरीजमध्ये असते. फील्ड तुटलं की कॉइलमधला करंट जातो, चुंबक सुटतं, हँडल स्प्रिंगनं मागे येतं. सप्लाय बंद करून दाखवला. हँडल खटकन मागे आलं. तो स्टार्टरकडे बघत म्हणाला, “म्हणजे लाइट गेल्यावर आमच्या विहिरीवरचा स्टार्टर पडतो तो अशाच कॉइलमुळं.”

लॉकडाऊनचे सगळे महिने हा मुलगा द्राक्षाच्या बागेत होता. पाच एचपीची मोटर, रात्रपाळीची लाइट, ऑटो स्विच, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. म्हैसाळ योजनेचं पाणी कसं उचलून येतं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. कॉलेजात मात्र त्याला वाटायचं की आपल्याला मोटरमधलं काही कळत नाही. त्या दिवसानंतर तो टेबलाशी पुढे उभा राहायला लागला.

सगळ्यांचं असं होत नाही. काही जण साइट उघडतही नाहीत. पण बॅचमधल्या निम्म्या मुलांनी जरी आधी करून पाहिलं असेल तरी लॅबचा आवाज बदलतो. “आता काय करू” याऐवजी “इथं असं का” ऐकू येतं.

प्रयोगाच्या आधी एक हिशेबही मी करायला लावते, कारण पडद्यावर तो धोक्याशिवाय पटतो. २२० व्होल्टची मोटर, आर्मेचरचा रेझिस्टन्स २ ओहम, नेहमीचा करंट १० अँपिअर. सुरू होतानाच्या क्षणी बॅक ईएमएफ शून्य. मग करंट किती? ११० अँपिअर. स्टार्टर कशाला, या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच्या वहीत बघतात आणि मग लॅबमधल्या स्टार्टरला हात लावताना त्यांच्या बोटांना वेगळी काळजी येते.

आता एक तक्रार, साइटबद्दल नाही, आपण ती कशी वापरतो त्याबद्दल. एका कॉलेजात मी पाहिलं की प्रत्येक व्हर्च्युअल प्रयोगाचा स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवायची सक्ती होती, तपासणीला पुरावा हवा म्हणून. झालं असं की एकानं प्रयोग करायचा आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून सगळ्या वर्गाला जायचा. जर्नलं भरली, प्रयोग एकानंच केला. या साइटचा जीव तिच्या एकांतात आहे. तिथे हजेरी आणि मार्क घुसवले की मुलं पुन्हा तेच करतात जे ऑनलाइन परीक्षेत शिकली. माझी विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना हात जोडून विनंती आहे, ही एक जागा तरी मोजमापाशिवाय सोडा. पुरावा हवा असेल तर प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लावा. केलंय की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

आता तो कापलेला एक गुण.

पडद्यावरची तार कधी सैल नसते. तारेच्या टोकाचा लग नीट आवळला नाही म्हणून तो गरम झाला, इन्सुलेशनचा वास यायला लागला, मीटरचा काटा उलटा गेला, हे तिथे घडत नाही. सिम्युलेशन बहुधा ठरलेल्या आकृतीप्रमाणेच जोडायला लावतं. आणि आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट, एक फेज गेली आणि मोटर जळाली, ती विद्यार्थ्याला कुठे बघायला मिळणार? कुपवाड एमआयडीसीत रिवाइंडिंगच्या दुकानात दुपारभर उभं राहिलं तर काही कॉइल काळ्या पडलेला स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, दिसतो आणि कारागीर रंगावरून सांगतो काय झालं ते. बिघाड मुद्दाम घडवून तो शोधायला लावणारे प्रयोग हवे आहेत. पडद्यावर मोटर जाळली तर कुणाचं नुकसान होत नाही. ज्या माध्यमात चूक फुकट आहे त्या माध्यमात मोठ्या चुका करू द्यायला हव्यात. मुलांना सर्वांत जास्त शिकवणारी चूक तीच असते.

दुसरी गोष्ट भाषेची. थिअरी आणि टेस्ट मुख्यतः इंग्रजीत आहेत. एनपीटेलनं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमानं, आपल्या व्याख्यानांच्या लिखित प्रती मराठीसकट अनेक भारतीय भाषांत दिल्या आहेत. तंत्रशिक्षणाची देशातली परिषद असलेल्या एआयसीटीईची फर्स्ट इयरची पुस्तकं मराठीत निघाली. पिंपरी-चिंचवडला २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. मग प्रयोगाची कृतीही मराठीत का नसावी? आमच्या आटपाडीच्या मुलीला इंग्रजी येत नाही असं नाही, पण नवी गोष्ट पहिल्यांदा समजून घेताना तिला आपली भाषा मिळाली तर ती अर्ध्या वेळात पुढे जाते. मी माझ्या बॅचसाठी प्रत्येक प्रयोगाची अर्ध्या पानाची मराठी टाचणं करून देते. तेवढ्यानं फरक पडतो.

एनपीटेलचा विषय निघालाच आहे तर, मुलं विचारतात की दोन्हींतलं काय करू. दोन्ही करा, पण कामं वेगळी आहेत. एनपीटेल ऐकण्याची आणि शिस्तीची जागा. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट, त्यांतल्या उत्तम आठांचे २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. ज्या मुलांची अभ्यासाची घडी मोडली होती त्यांना ही आठवड्याची तारीख फार उपयोगी पडली. पण व्याख्यान बघून हात चालत नाही. मागच्या बाकावरच्या, स्वतःवरचा विश्वास गेलेल्या मुलाला मी आधी व्हर्च्युअल लॅब्स देते, एनपीटेल नंतर.

आणि काही मुलांच्या बाबतीत दोन्ही उपयोगाचे नाहीत. कोरोनात घरातलं माणूस गेलेली मुलं आहेत. रात्रभर जागणारी, हजेरी अचानक घसरलेली, प्रॅक्टिकलला येऊन काहीच न बोलणारी. त्यांना प्रयोग देऊ नका, त्यांच्याशी बोला. आमच्या लॅबच्या दारावर टेलि मानसचा १४४१६ हा नंबर लावलेला आहे. मानसिक त्रासात फोनवर आधार देणारी ही सरकारची फुकट सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येतं. कुणाला हाताला धरून दाखवायची गरज पडत नाही, नंबर नजरेसमोर असला पाहिजे एवढंच.

कुणी आज सुरू करणार असेल तर असं करा. फर्स्ट इयरच्या मुलांनी आयआयटी खरगपूरच्या बेसिक इलेक्ट्रॉनिक्सपासून सुरुवात करावी. रेझिस्टर, कपॅसिटर ओळखणं, डायोडची व्ही-आय कॅरॅक्टरिस्टिक, हाफ वेव्ह रेक्टिफायर. सेकंड इयर इलेक्ट्रिकलनी डीसी मोटरचा वेग आणि ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट-शॉर्ट सर्किट टेस्ट. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी सुरतकलची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. शक्यतो कॉम्प्युटरवर करा, मोबाइलच्या पडद्यावर सर्किट जोडताना जीव मेटाकुटीला येतो. प्रीटेस्ट टाळू नका, पोस्टटेस्टला चुकलेला प्रश्न वहीत लिहा आणि तो लॅबमध्ये आमच्यापुढे मोठ्यानं विचारा. कॉलेजांना या साइटचं नोडल सेंटर, म्हणजे स्थानिक केंद्र, म्हणून नाव नोंदवता येतं, त्यालाही पैसे पडत नाहीत, आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा मिळते. सांगली-साताऱ्याच्या ज्या शिक्षकांना मशीन्सच्या प्रयोगांची मराठी टाचणं हवी असतील त्यांनी मागून घ्यावीत, आणि स्वतःच्या विषयाची केली असतील तर मलाही द्यावीत. फ्लुइड मेकॅनिक्सची कुणाकडे असतील तर आधी ती हवी आहेत.